तान्ह्या मुलाची औषधपेटी

ज्या घरांत पाळणा हालूं लागतो त्या घरांत बाळासाठीं काय काय वस्तु हव्यात याची यादी वडील माणसें मोठ्या हौसेनें करितात. झबलीं, टोपडीं, दुपटीं, वाळे, खुळखुळा, यांपैकीं एकहि वस्तु सहसा विसरली जात नाहीं. विसरली जाते ती एक लहानशी पेटी. आणि तिची आठवण होते ती बहुधा अशा रात्रीं, कीं मूल तापानें फणफणलें आहे, गांवांतील दुकानें बंद आहेत, आणि घरांत जी बाटली सांपडली तिच्यावरील चिठ्ठीचीं अक्षरें पुसून गेलीं आहेत. अशा पेटींत काय असावें, काय मुळींच नसावें, आणि जें असेल तें कोणत्या कारणानें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

हा विषय आईबापांचा आहे, हायस्कुलांतील विद्यार्थ्यांस त्याचें काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु आमच्या वर्गांतील पुष्कळ मुली, आणि कांहीं मुलगेहि, शाळा सुटल्यावर दप्तर खुंटीला अडकवितात तें पाठच्या भावंडास कडेवर घेण्यासाठींच. आई कामावरून परत येईपर्यंतचे दोनतीन तास त्या घरांतील वडील माणूस म्हणजे इयत्ता नववींतील विद्यार्थी असतो. म्हणून मागील सत्रांत आम्हीं वर्गास एक गृहपाठ दिला: आपल्या घरीं लहान मुलाच्या औषधांचा जो डबा, टोपली किंवा फळी असेल तिच्यावर काय आहे तें पाहून जसेंच्या तसें लिहून आणावें.

ज्या वह्या आल्या त्या वाचतांना कधीं हंसूं आलें, कधीं काळजी वाटली. बहुतेक घरांत अर्धवट उरलेल्या औषधांच्या बाटल्या होत्या. पैकीं कांहीं अशा बाळांच्या, जीं आतां आमच्याच शाळेंत शिकत आहेत. एका घरीं पाऱ्याचा फुटका उष्णतामापक जपून ठेविलेला होता. बाम, कापूर, वेखंडाचें कांडें, ग्राइप वॉटर, काजळाची डबी हीं तर ठिकठिकाणीं होतीं. आणि तापाच्या औषधाचें माप कसें घेतात या प्रश्नापुढें एका विद्यार्थिनीनें लिहिलें होतें, "बाटलीच्या टोपणानें." त्या एका शब्दानें आम्हांस हा लेख लिहावयास बसविलें.

प्रथम पेटीविषयीं. ती विकतची पाहिजे असें नाहीं. अमेरिकेंत १८८८ सालीं रेल्वेच्या कामगारांसाठीं प्रथमोपचाराच्या तयार पेट्या विकावयास निघाल्या. त्या अर्थातच कापणें, चेंगरणें, रक्त वाहणें यांच्या हिशोबानें भरलेल्या असत. आज बाजारांत मिळणाऱ्या पेट्याहि पुष्कळशा त्याच वंशांतल्या आहेत. पट्ट्या, कापूस, कात्री, जंतुनाशक द्रव, एवढ्यावर मोठ्या माणसाचें भागतें. परंतु तान्हें मूल ना सुतारकाम करतें ना सायकलवरून पडतें. त्याच्यावर येणारीं संकटें निराळीं: ताप, जुलाब, चोंदलेलें नाक, भाजणें, आणि घशांत कांहीं अडकणें. तेव्हां पेटी भरावयाची ती या पांच गोष्टी डोळ्यांपुढें ठेवून. घट्ट झांकणाचा स्टीलचा डबा यास उत्तम. कोंकणांतील पावसाळ्यांत कागदी खोके सादळतात आणि आंतील पुड्यांचे गोळे होतात.

पेटींतील पहिली वस्तु उष्णतामापक. हाताच्या पाठीनें कपाळ पाहून "अंग कढत आहे" असें म्हणण्याची आपली रीत आहे. परंतु पाहणाऱ्याचा हात थंड असला तर निरोगी मूलहि तापलेलें वाटतें. आकड्यांनीं दाखविणारा विजेरीचा उष्णतामापक घ्यावा, त्याचें टोंक बाळाच्या कोरड्या काखेंत धरून दंड अंगाशीं दाबून ठेवावा, व आवाज झाल्यावर आंकडा लिहून ठेवावा. पाऱ्याचा उष्णतामापक आतां घरांत ठेवूं नये. पारा हें विष आहे, आणि त्याचा वापर कमी करण्याविषयीं २०१३ सालीं जपानांत मिनामाता या नांवानें राष्ट्राराष्ट्रांत करारहि झाला आहे. आंकडा पाहावयाचा तो हा: ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट. (एका मापाचें दुसऱ्यांत रूपांतर करण्याचें सूत्र विद्यार्थ्यांस येतेंच, त्यांनीं ताळा करून पाहावा.) मूल ३ महिन्यांच्या आंतील असून ताप या आंकड्यास पोंचला, तर घरीं कोणतेंहि औषध न देतां त्यास त्याच वेळीं डॉक्टरांकडे न्यावें, मग रात्र असो वा सण असो. इतक्या लहान मुलाच्या शरीरांत गंभीर रोगाचेंहि पुष्कळदां तापाखेरीज दुसरें चिन्ह दिसत नाहीं.

याहून मोठ्या मुलाच्या तापावर घरीं देण्याजोगें औषध एकच, तें पॅरासिटामॉल. येथें आम्ही वाचकांस थोडा वेळ थांबविणार आहों, कारण आमच्या मतें साऱ्या पेटींत अधिकांत अधिक चुका होण्याची जागा हीच आहे. या औषधाची मात्रा मुलाच्या वयावर नव्हे तर वजनावर ठरते: दर किलोग्रॅमास एका वेळीं १० ते १५ मिलिग्रॅम. समजा, बाळाचें वजन ८ किलोग्रॅम आहे. तर एका वेळची मात्रा ८० ते १२० मिलिग्रॅम. येथवर गणित सोपें आहे. परंतु दुकानांत हेंच औषध दोन रूपांनीं मिळतें. एक, थेंबांची लहान बाटली. तींत बहुधा १ मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅम औषध असतें. दुसरें, पातळ औषधाची मोठी बाटली. तींत कोठें ५ मिलिलिटरांत १२० मिलिग्रॅम, तर कोठें ५ मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम. तेव्हां आपल्या ८ किलोग्रॅमांच्या बाळास थेंबांच्या बाटलींतून फार तर १.२ मिलिलिटर द्यावयाचें. आणि १२० च्या बाटलींतून ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. आतां कोणी "एक चमचा द्यावयाचा" एवढेंच लक्षांत ठेवून थेंबांच्या बाटलींतून एक चमचा दिला तर काय होईल? ५०० मिलिग्रॅम औषध मुलाच्या पोटांत जाईल, म्हणजे मोठ्यांत मोठ्या मात्रेच्या चौपटीहूनहि अधिक. अधिक झालेलें पॅरासिटामॉल यकृतास अपाय करितें, आणि तो अपाय त्याच दिवशीं दिसूनहि येत नाहीं. मूल एकदोन दिवस बरें आहेसें वाटतें.

यावर उपाय तीन. घरांत दोन्ही रूपें ठेवूं नयेत. डॉक्टरांस विचारून एकच ठेवावें. टोपण, चहाचा चमचा, किंवा दुसऱ्या बाटलीचें मापपात्र यांपैकीं कशानेंहि न मोजतां सुई नसलेल्या पिचकारीनें, तिच्यावरील रेघ पाहून, मोजावें. ही पिचकारी औषधाच्या दुकानांत थोड्या पैशांत मिळते, आणि तिनें औषध गालाच्या आंतल्या बाजूस हळू सोडतां येतें. आणि दिलेल्या मात्रेची वेळ लिहून ठेवावी. दोन मात्रांत ६ तासांचें अंतर असावें, व २४ तासांत चारांहून अधिक मात्रा जाऊं नयेत. वेळ लिहून ठेविली नाहीं तर आईनें दिलेलें औषध आजीनें पुन्हां दिलें असें सहज घडतें, आणि त्यांत दोघींचीहि माया सारखीच असते.

अॅस्पिरिन मात्र मुलास कदापि देऊं नये. ऑस्ट्रेलियांतील राय या रोगशास्त्रज्ञानें १९६३ सालीं मुलांच्या मेंदूस व यकृतास ग्रासणाऱ्या एका रोगाचें वर्णन केलें; तो रोग फ्ल्यू किंवा कांजिण्या आलेल्या मुलांस अॅस्पिरिन दिल्यानें उद्भवूं शकतो असें पुढें दिसून आलें. तापांत मुलास झटके आले तर त्यास कुशीवर निजवावें, आजूबाजूच्या कठीण वस्तु दूर कराव्या, व घड्याळाकडे पाहावें. तोंडांत चमचा घालूं नये, पाणी ओतूं नये, कांदा किंवा वहाण हुंगवूं नये. ५ मिनिटांत झटके थांबले नाहींत तर रुग्णवाहिका बोलवावी; थांबले तरी डॉक्टरांस दाखवावेंच.

दुसरी मोठी वस्तु जलसंजीवनीची पुडी. जुलाब होणारें मूल जुलाबानें मरत नाहीं, तें शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें मरतें. हें निघून गेलेलें पाणी तोंडानें परत कसें भरावयाचें, हा प्रश्न कित्येक पिढ्यांस अडला होता. कारण नुसतें पाणी रोग्याच्या आंतड्यांत नीट मुरत नाहीं. मात्र मीठ आणि ग्लुकोज हीं ठराविक प्रमाणांत एकत्र असलीं म्हणजे आंतड्याच्या अस्तरांतून जोडीनें आंत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणीहि ओढलें जातें. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्यें आले तेव्हां बनगांव येथील छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेथें काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें पाणी पिंपांतून वांटविलें, व तें रोग्यांस पाजण्याचें काम त्यांच्या आप्तांवरच सोंपविलें. छावणींतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें शेंकडा ४ च्याहि खालीं आलें. डॉ. महालनबीस २०२२ सालीं वारले. २०२३ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें. ही सारी हकीगत आम्हीं मुद्दाम सांगितली. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते. आईबापांचे व भावंडांचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेल्या आजच्या पुडींत एका लिटरास २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतें, एकूण २०.५ ग्रॅम. पुडी एक लिटरची आहे कीं २०० मिलिलिटरची, हें वाचल्यावांचून ती फोडूं नये. लिटरची अर्धी पुडी अंदाजानें पेल्यांत टाकणें हें तर सर्वांत वाईट, कारण क्षार पुडींत सारखे मिसळलेले असतीलच असें नाहीं. पाणी उकळून निवविलेलें घ्यावें, सबंध पुडी एकदम त्यांत घालावी, व केलेलें पाणी २४ तासांनंतर फेंकून द्यावें. दोन वर्षांच्या आंतील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, वाटी-चमच्यानें, घोट घोट पाजावें. ओकलें तर १० मिनिटें थांबून पुन्हां, पण अधिक हळू. अंगावरचें दूध चालूच ठेवावें. "जुलाब आहेत तर दूध बंद" ही समजूत मुलास दोन्हींकडून उपाशी पाडते.

गोड पेयांविषयीं एक इशारा. पाण्यांत साखर प्रमाणाबाहेर असली तर आंतड्यांत पाणी मुरण्याऐवजीं उलट शरीरांतलें पाणी आंतड्यांत ओढलें जातें, आणि जुलाब वाढतात. जलसंजीवनीच्या नांवाशीं मिळतीं नांवें धारण करून अशीं गोड पेयें आपल्याकडे वर्षानुवर्षें औषधांच्या दुकानांत शेजारीं शेजारीं विकलीं गेलीं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२५ मध्यें पेयांच्या नांवांत 'ओ. आर. एस.' हीं अक्षरें वापरण्यास मनाई केली. दुकानांत मागतांना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी असें स्पष्ट मागावें. आशा कार्यकर्तीकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती फुकटहि मिळते. तेथेंच झिंकच्या गोळ्यांविषयीं विचारावें. त्या १४ दिवस द्यावयाच्या असतात. २ ते ६ महिन्यांच्या मुलास रोज १० मिलिग्रॅम, त्याहून मोठ्यास २० मिलिग्रॅम. जुलाब थांबल्यावरहि दिवस पुरे करावे. डोळे खोल गेले, रडतांना आंसवें येईनात, चिमटींत धरलेली पोटाची कातडी सावकाश खालीं बसूं लागली, लघवी कमी झाली, शौचांत रक्त दिसलें, किंवा मूल मलूल होऊन पिईना, तर पुडीवर विसंबून राहूं नये.

उरलेल्या वस्तु थोडक्यांत. चोंदलेल्या नाकासाठीं मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, व नाक ओढून घेण्याचा रबरी फुगा. जखमेसाठीं निर्जंतुक जाळीचें कापड, एक गुंडाळपट्टी, व कागदी चिकटपट्टी. जखमेवर कापूस ठेवूं नये, त्याचे तंतु चिकटतात. तयार लहान पट्ट्या तान्ह्या मुलाच्या हातास लावूं नयेत. तीं ओढून तोंडांत घालतात. जखम धुवावयास साबण व स्वच्छ पाणी पुरे. बोथट टोंकाची कात्री, लहान चिमटा, एक विजेरी.

भाजण्यासाठीं पेटींत कांहींच नाहीं, आणि तें मुद्दाम. भाजलेल्या जागेवरचें औषध म्हणजे नळाचें वाहतें पाणी, तेंहि २० मिनिटें; बर्फ नव्हे. सूज येण्यापूर्वीं वाळे व बांगड्या काढाव्या, कातडीस चिकटलेला कपडा ओढूं नये, वरून स्वच्छ कापड सैल घालावें, व दवाखाना गांठावा. हळद, तूप, शाई, दंतमंजन यांपैकीं कांहीं लावलें म्हणजे उष्णता आंत कोंडते, आणि डॉक्टरांस तें सारें खरवडून मगच जखम पाहावी लागते.

आतां ज्या वस्तु विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्वांत अधिक आढळल्या त्यांच्याकडे वळूं. आजीबाईंच्या बटव्याची आम्ही थट्टा करीत नाहीं; त्या बटव्यानेंच आम्हांपैकीं कित्येकांस वाढविलें आहे. परंतु कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यांत किंवा उशाशीं ठेवूं नये. कापूर थोडाहि पोटांत गेला तरी लहान मुलास झटके येतात. बामांतहि कापूर असतो. काजळांत शिसें असूं शकतें, आणि शिसें वाढत्या मेंदूस घातक आहे. नाकांत तेल सोडल्यानें तें फुप्फुसांत उतरूं शकतें. मध कितीहि शुद्ध असला तरी वर्षाच्या आंत बोटभरहि चाटवूं नये. त्यांत असणारे एका जंतूचे बीजाणु तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत रुजून विष तयार करितात, आणि मूल लुळें पडतें. ग्राइप वॉटरनें रडणें थांबतें असा अनुभव पुष्कळ सांगतात. रडणें पुष्कळदां आपोआपहि थांबतें.

खोकल्याच्या औषधाची बाटली या पेटींत मुळींच नसावी. २०२५ सालीं मध्यप्रदेशांत छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या एका दूषित औषधानें वीसांहून अधिक बालकें दगावलीं; पैकीं कित्येकांवर आपल्या नागपुरास उपचार चालले होते. त्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष मिसळलें गेलें होतें. तें मूत्रपिंडें निकामी करितें. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्यानें दोन वर्षांच्या आंतील मुलांस खोकला-पडशाचीं औषधें देऊं नयेत असें बजाविलें. तीं मुलें साध्या खोकल्यानें आजारी होतीं. साधा खोकला बहुधा आपोआप जातो. दम लागत असेल, बरगड्यांखालची जागा आंत ओढली जात असेल, तर तें काम बाटलीचें नसून डॉक्टरांचें आहे.

पेटींत न मावणारी एक विद्या आहे, ती हातांनीं शिकावी लागते. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, नाणें, यांपैकीं कांहीं घशांत अडकून मुलाचा आवाज व श्वास बंद झाला, तर वर्षाच्या आंतील मुलास आपल्या हातावर पालथें, डोकें खालीं करून धरावें व दोन खांद्यांच्या मध्यें तळहाताच्या टाचेनें ५ थापा माराव्या. तेवढ्यानें वस्तु न निघाल्यास उताणें करून छातीच्या मध्यभागीं ५ वेळां दाबावें. आणि वस्तु निघेपर्यंत हें आळीपाळीनें करावें. पोट दाबूं नये. न दिसणारी वस्तु काढण्यासाठीं बोट घशांत घालूं नये, ती अधिक खोल जाते. मूल बेशुद्ध झालें तर छाती दाबण्याची व श्वास देण्याची जी क्रिया करावयाची, ती लेख वाचून येत नाहीं. ती प्रशिक्षित माणसाकडून बाहुलीवर शिकून घ्यावी. बटणाएवढी चपटी विजेरी गिळली असेल तर मूल हंसत असलें तरी तत्काळ रुग्णालय गांठावें, कारण ती अन्ननलिकेस दोन तासांतहि जाळूं लागते.

विंचू, साप व कुत्रा यांच्यासाठींहि पेटींत औषध शोधूं नये. कुत्रा चावल्यास किंवा ओरबाडल्यास १५ मिनिटें साबणाच्या वाहत्या पाण्यानें धुवावें, आणि लस घेण्यास जावें. विंचवाच्या विषानें कोंकणांत पूर्वीं अनेक मुलें दगावत. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून तें चित्र पालटलें, व २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पण तें औषधहि घरीं द्यावयाचें नव्हे. मंत्र-उताऱ्यांत गेलेला एक तास त्या औषधासहि भरून काढतां येत नाहीं.

पेटी भरली म्हणजे ती मुलाच्या हातास न लागेल, परंतु राखणाऱ्या भावंडाच्या हातास लागेल, अशा उंचीवर ठेवावी. कुलूप लावूं नये. किल्ली शोधण्यांतच वेळ जातो. स्वयंपाकघराची उष्ण फळी व न्हाणीघर या दोन्ही जागा टाळाव्या. महिन्यांतून एकदां सारें बाहेर काढून मुदती पाहाव्या, व मुदत संपलेल्या किंवा चिठ्ठी निघालेल्या बाटल्या, कितीहि भरलेल्या असल्या तरी, काढून टाकाव्या.

झांकणाच्या आंतल्या बाजूस एक जाड कागद चिकटवावा. त्यावर मुलाचें नांव व जन्मतारीख, त्यास न सोसणारें औषध असल्यास त्याचें नांव, डॉक्टरांचा व शेजाऱ्यांचा दूरध्वनि, रुग्णवाहिकेचा १०८ हा आंकडा, आणि घराचा पत्ता, जवळच्या खुणेसह, असा लिहावा, कीं घाबरलेल्या मुलासहि तो दूरध्वनीवर वाचून दाखवितां येईल. त्याखालीं वजन, तें ज्या दिवशीं केलें ती तारीख, आणि त्या वजनास पॅरासिटामॉलची किती मिलिलिटर मात्रा तें डॉक्टरांकडून विचारून घेऊन. जन्मतः २.८ किलोग्रॅम असलेलें मूल पांचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षाचें होतां होतां तिप्पट भरतें. म्हणून बाकीच्या ओळी शाईनें लिहाव्या, आणि वजनाची व मात्रेची पेन्सिलीनें.